जर्मनीहून परतलात आणि पुण्यात जर्मनी शोधताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्टुटगार्टजवळच्या एसलिंगनमध्ये आठ वर्षं काढून आम्ही कोथरूडला परतलो, त्याला आता चार वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी भावाचा, मेहुणीचा, जुन्या ऑफिसातल्या मित्राचा फोन येतो. "आम्हीपण परत आलोय, जरा विचारायचं होतं." प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. ती पुण्याची आणि थोडी मुंबईची आहेत. चव मात्र श्वाबियाची, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या मुलखाची आहे, तेव्हा बर्लिन-हाम्बुर्गवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

तिकडच्यासारखा ब्रेड इथे मिळतो का?

हा प्रश्न कायम पहिला. तिकडे असताना वरण-भातासाठी जीव टाकणारी माणसं इकडे आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ब्रेडसाठी जीव टाकायला लागतात.

मिळतो, पण पाकिटावरच्या 'मल्टिग्रेन' आणि 'ब्राउन' या शब्दांना भुलू नका. बहुतेक वेळा तो मैद्याचाच पाव असतो, वर चार बिया पेरलेल्या. जर्मन ब्रेडचा जीव राय या धान्यात आहे. तिकडच्या नियमाप्रमाणे 'रोगनब्रोट' म्हणवून घ्यायला पिठात किमान ९० टक्के राय लागते आणि 'रोगनमिशब्रोट' म्हणायला निम्म्याहून जास्त. पुण्यात सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा ब्रेड, करणाऱ्या बेकऱ्या आता बऱ्याच झाल्यात आणि चांगल्याही आहेत. पण त्यांचं वळण फ्रेंच-अमेरिकन, म्हणजे गव्हाचं पीठ, आत मोठाली भोकं, वर कडक साल. आपल्याला हवा असतो तो घट्ट, दमट आणि हातात घेतला तर विटेसारखा लागणारा. ऑर्डर देण्याआधी एकच विचारा, "राय किती टक्के?" समोरच्याला चटकन आकडा सांगता आला तर बिनधास्त घ्या.

पीठ मागताना मात्र जपून. मी एका दुकानात "राईचं पीठ आहे का" असं विचारलं. दुकानदाराने अत्यंत शांतपणे मोहरीची डाळ पुढे केली आणि म्हणाला, "लोणचं घालताय का?" तेव्हापासून मी पीठ ऑनलाइन मागवतो.

घरी करणं जमेल का? की उगाच खटाटोप?

जमेल. अवघड वाटतं कारण आपण त्याला 'सावरडो स्टार्टर' म्हणतो. आईला मी सांगितलं की हे पिठाचं विरजण आहे, तर तिला पुढचं काही समजावावं लागलं नाही. उलट उन्हाळ्यात ते फ्रिजबाहेर ठेवून मी दोन दिवस गावाला गेलो, तर तिनेच त्याला पीठ-पाणी घालून जगवलं.

सुरुवात अशी: ५० ग्रॅम राय पीठ, ५० ग्रॅम पाणी, काचेची बरणी, झाकण सैल. रोज त्यातलं निम्मं काढून टाका आणि तितकंच ताजं पीठ-पाणी घाला. पाच-सहा दिवसांत त्याला आंबोळीच्या पिठासारखा वास येतो आणि ते बरणीत वर चढू लागतं. एसलिंगनच्या थंड स्वयंपाकघरात मला दहा दिवस लागले होते. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते चौथ्या दिवशी झाकण ढकलत होतं.

यीस्ट घालून हे काम उरकता येईल का, असंही विचारतात. गव्हाच्या ब्रेडला चालेल, रायला नाही. रायमध्ये गव्हासारखं ग्लुटेनचं जाळं तयार होत नाही, आणि पीठ तापायला लागलं की त्यातली विकरं (एन्झाइम्स) पिष्ट, म्हणजे स्टार्च, तोडत सुटतात. त्यामुळे आत चिकट गोळा राहतो. आंबटपणामुळे या विकरांना आळा बसतो. म्हणजे तो आंबटपणा नुसता चवीपुरता नसतो.

माझं प्रमाण ३०० ग्रॅम राय, २०० ग्रॅम कणीक. कणकेऐवजी एकदा नाचणी घालून पाहिली. रंग झकास आला, पण कापताना सगळा भुगा. भाजायला जाड झाकणाचं बिडाचं भांडं ओव्हनमध्येच आधी तापवा, म्हणजे वाफ आत कोंडली जाते. आणि कृपा करून गरम कापू नका. रायचा ब्रेड दुसऱ्या दिवशीच बसतो. आमच्या आईने पहिला तुकडा दाताखाली घेऊन विचारलं होतं, "हा शिळा आहे का रे?" मी म्हणालो, "हो, मुद्दाम."

कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत मिळत नाही का हे सगळं?

नावावर जाऊ नका. भारतात हिप्पींच्या वाटेवर जिथे-तिथे 'जर्मन बेकरी' निघाल्या, त्यांतलंच हे नाव. कॉफी-केक आणि गप्पा ही त्या जागेची खरी ओळख. फेब्रुवारी २०१० मधल्या बॉम्बस्फोटानंतर ती बंद होती आणि २०१३ मध्ये पुन्हा उघडली. पुणेकराच्या मनात तिची जागा वेगळीच आहे. तिथे जरूर जा, पण रोगनब्रोटसाठी नको.

क्वार्क?

अहो, चक्का! तिकडे आपण सगळ्यांनी क्वार्क आणून त्याचं श्रीखंड केलं. चाळीस टक्केवाला क्वार्क, पिठीसाखर, वेलची, केशर, की झाला पाडवा. मग इथे आल्यावर उलटं का सुचत नाही कुणास ठाऊक. सोप्या भाषेत सांगायचं तर क्वार्क म्हणजे विरजलेल्या दुधाचं पाणी काढून उरलेला गोळा. फरक इतकाच की त्यातले जिवाणू आपल्या दह्यातल्यांपेक्षा वेगळे असतात आणि बरेचदा किंचित रेनेट, म्हणजे चीज करताना दूध घट्ट करणारं विकर, तेही घालतात, म्हणून तो चक्क्यापेक्षा कमी आंबट.

केझेकूखन, म्हणजे तिकडचा चीजकेक, करायचा असेल तर ३५० ग्रॅम चक्का आणि १५० ग्रॅम मऊ ताजं पनीर मिक्सरमधून काढा. आंबटपणा बरोबर जागेवर येतो. रेसिपीत 'पुडिंगपुल्वर' लिहिलेलं असतं, त्याच्या जागी आपली व्हॅनिला कस्टर्ड पावडर घाला. दोन्हींत मुख्य माल कॉर्नस्टार्चच असतो. चक्का डेअरीतून आणा, डब्यातलं 'ग्रीक योगर्ट' नको, पातळ पडतं.

क्युमेल म्हणजे जिरं ना?

नाही! या एका शब्दाने किती मराठी फोडण्या बिघडवल्या असतील. पहिल्याच आठवड्यात मी सुपरमार्केटमधून क्युमेल आणलं, कारण दिसायला जिरंच. तेलात टाकलं आणि घरभर बडीशेप आणि औषधाच्या मधला काहीतरी वास. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉयत्सक्युमेल'. नुसतं क्युमेल म्हणजे कॅरवे. इथे ते बहुतेक वाण्याकडे शहाजिरं म्हणून मिळतं. पण त्याच नावाने काळं, बारीक, वेगळ्या वासाचं जिरंही विकतात. दोन दाणे चावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

श्पेत्सलंची प्रेस आणायची राहिली. आता?

आणायची गरजच नव्हती. माळ्यावरचा सोऱ्या काढा.

श्पेत्सलं म्हणजे श्वाबियातल्या अंड्याच्या जाड, वेड्यावाकड्या शेवया. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं असा हिशोब. तीनशे ग्रॅमला तीन अंडी, चमचाभर मीठ आणि साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी. डावाने पीठ इतकं बडवायचं की त्यात बुडबुडे धरले पाहिजेत आणि डाव उचलला की ते लगदा होऊन तुटक तुटक पडलं पाहिजे. सोऱ्याला जाड शेवेची चकती लावा आणि उकळत्या खारट पाण्यावर थेट दाबा. वर तरंगल्या की झाऱ्याने काढा. सोऱ्यासाठी पीठ जरा घट्टच ठेवा. माझं पहिल्या वेळी सैल झालं, तर दाबायच्या आधीच ते खालून गळायला लागलं आणि गॅसपर्यंत एक पांढरी रेघ उमटली. सैल झालंच तर बुंदीच्या झाऱ्यावर ओतून उलथन्याने घासा. त्याचे छोटे गोळे पडतात, त्यांना तिकडे 'क्नॉप्फलं' म्हणजे बटणं म्हणतात, आणि ती खाणारे स्वतःला अस्सल समजतात.

त्यावर लिन्झन, म्हणजे मसूर. डाळ नव्हे, अख्खा मसूर. कराड-इस्लामपूरकडच्या माणसाला तर हे सांगायलाच नको. कांदा, गाजराचे बारीक तुकडे, तमालपत्र घालून शिजवायचा, लोण्यावर तांबूस भाजलेला चमचाभर मैदा लावून दाट करायचा आणि शेवटी व्हिनेगर. वरून सॉसेज, नसेल तर नाही. आईचा अभिप्राय: "आमटीत शेवया घातल्यात, आणि गूळ विसरलास."

ब्रेत्सेलचा तो तांबडा रंग कसा आणायचा?

ब्रेत्सेल म्हणजे गाठीसारखा वळलेला तिकडचा पाव. त्याचा रंग येतो अल्कलीमुळे. बेकऱ्या तिकडे सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात बुडवतात. घरी ते नको. साधा खायचा सोडा ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर भाजा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि जास्त जहाल सोडियम कार्बोनेट उरतं. ते पाण्यात विरघळवून त्यात ब्रेत्सेल बुडवा. हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमचं भांडं नको. पापडखार चालेल का, असं एका काकूंनी विचारलं. विचार अगदी बरोबर दिशेने होता. पण पापडखार म्हणून जे मिळतं ते दुकानागणिक वेगळं असतं, म्हणून मी सोडाच भाजतो.

आणि श्वाबियाचा ब्रेत्सेल असेल तर पोट जाड, त्यावर आडवी चीर, हात बारीक आणि कुरकुरीत. सगळीकडे सारखा जाड असेल तर तो बव्हेरियाचा. आमच्या घरी हा वादाचा विषय आहे.

झाउअरक्राउट घरी की डब्यातलं?

घरी, आणि डिसेंबर-जानेवारीतच. किलोभर बारीक चिरलेल्या कोबीला २० ग्रॅम मीठ, थोडं क्युमेल. पाणी सुटेपर्यंत हाताने चुरा. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा आणि वर दडपण ठेवा. कैरीच्या लोणच्याला आपण तेलाचा थर देतो ना, तसं इथे कोबी स्वतःच्याच पाण्याखाली राहिला पाहिजे. तिकडे १८-२० अंशांत तीन ते सहा आठवडे लागतात. पुण्याच्या थंडीत मी पंधराव्या दिवशी चव बघतो. मे महिन्यात केलंत तर आठवड्यात आंबट होईल खरं, पण कोबीचा चिखल होतो.

सॉसेज आणि मांस?

कॅम्पात आणि मुंबईत वांद्र्याला पोर्कची दुकानं आहेत. गोव्याचं शोरिस आणून ब्राटवुर्स्टची तहान भागवू नका. मिरची-व्हिनेगरचा तो वेगळाच, थोर पदार्थ आहे. ब्राटवुर्स्टला मार्जोरम लागतं. झाउअरब्राटन करायचं तर महाराष्ट्रात बीफ म्हणजे म्हशीचं मांस. व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस मुरवल्यावर कुणाला फरक कळत नाही.

बाकीचा किराणा?

कॅम्पात दोराबजी. मोहरी, काकडीचं लोणचं, ख्रिसमसच्या सुमारास लेबकूखन (मसाल्याची गोड बिस्किटं) असं काही ना काही सापडतं. किमती पाहून युरोत भागाकार करायची सवय सोडा. पूर्व पुण्यात असा माल जास्त सापडतो. फोक्सवागनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, मर्सिडीज त्याच्याही आधीपासून इथे आहे, आणि सोबत आलेल्या जर्मन कुटुंबांना सकाळी ब्रेडवर लावायला काहीतरी लागतंच.

ऑक्टोबरफेस्टला कुठे जायचं?

मी जात नाही. ऑक्टोबरात हॉटेलांमध्ये निळ्या-पांढऱ्या झालरी लागतात, वेटरना चामडी चड्ड्या घालतात आणि गाणी पंजाबी लावतात. शिवाय म्युनिकचा खरा सोहळा सप्टेंबरातच सुरू होतो. बिअरच हवी असेल तर पुणं भाग्यवान आहे. मायक्रोब्रुअरी इथे २००९ पासून आहेत आणि हेफेवाइत्सन, म्हणजे गव्हाची बिअर, बहुतेक ठिकाणी मिळते. वास घेऊन बघा. केळं आणि लवंग आली पाहिजे. ती यीस्टमुळे येते, कुणी इसेन्स घालत नाही.

मुलीचं जर्मन विसरायला लागलंय. काय करू?

हा प्रश्न रात्री उशिरा येतो आणि आवाज हळू असतो. बाकीच्या प्रश्नांना मी हसतो, याला नाही.

आमची मुलगी सहा वर्षांची होती. तिचं जर्मन म्हणजे किंडरगार्टनमधलं श्वाबियन, सगळ्याला शेवटी 'ले' लावणारं. इथे आल्यावर पहिले दोन महिने ती 'पिशवीले' आणि 'मांजरले' म्हणायची. आजोबांना वाटायचं कन्नड शिकतेय. सहा महिन्यांत ते गेलं. एक दिवस तिकडच्या शेजारीण आजींचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ती सगळं समजून मान हलवत होती, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. मी आत जाऊन उगाच भांडी आवरली.

मग काय उपयोगी पडलं? 'रोज अर्धा तास जर्मन बोलायचं' हा नियम तीन दिवस टिकला. टिकली ती एकच गोष्ट: रविवारी संध्याकाळी जेवायला पोळी-भाजी नाही. लाकडी पाटावर ब्रेड, चीज, काकडी, मुळा, तिकडचं 'फेस्पर', आणि त्या टेबलावर जर्मनच. भूक लागलेली असते, मस्का पलीकडे असतो, मागावा तर लागतो. दुसरं म्हणजे बोट क्लब रोडवरचं माक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृतीची संस्था. तिथलं ग्रंथालय आणि मुलांसाठीचे कार्यक्रम बघत राहा. वाचता यायला लागल्यावर भाषा परत धरते. आणि दर महिन्याला तिकडच्या एका मैत्रिणीला हाताने लिहिलेलं पत्र. चुका दुरुस्त करू नका. आम्ही केल्या आणि एक पत्र तिने फाडून टाकलं.

मोठ्यांसाठी काय? माणसं कुठे भेटतील?

माक्स म्युलर भवनात ए१ ते सी२, म्हणजे अगदी सुरुवातीपासून सगळ्यांत वरच्या पातळीपर्यंतचे वर्ग असतात, शिवाय चित्रपट, संगीत, व्याख्यानं. (ज्यांचं नाव त्या वास्तूला आहे ते म्युलर भारतात कधी आलेच नाहीत.) फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. मुंबईकरांना काळा घोड्याचं भवन आणि त्यातली गॅलरी. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हे श्टुटगार्टवाल्यांना जास्त पाठ असतं.

पण खरी सोय म्हणजे 'श्टामटिश'. ठरलेला दिवस, ठरलेलं टेबल, आमंत्रण नाही. आपल्याकडे याला कट्टा म्हणतात. आमचा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असतो. सात ही वेळ ठरली आहे. जर्मन मित्र सहा पंचावन्नला येतो, आम्ही साडेसातला, आणि दर वेळी तो घड्याळाकडे बघून काहीच बोलत नाही.

कंपन्या आणि व्हिसा सोडला तर पुण्याचा जर्मनीशी काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि बिअरच्या दुकानांपेक्षा कितीतरी जुना. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्यात संस्कृत शिकवायला आले. त्यांच्यानंतर फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात होते आणि मग ग्योटिंगनला प्राध्यापक झाले. इरावती कर्वे यांनी डॉक्टरेट बर्लिनला केली. आणि मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते गुंथर सोन्थायमर. हायडेलबर्गचा हा माणूस खंडोबा, बिरोबा, म्हसकोबांच्या मागे धनगरांबरोबर रानोमाळ हिंडला, मराठी बोलला, १९९२ मध्ये गेला. आपण पुण्यात ब्रेत्सेल शोधतो, ते जेजुरीला भंडाऱ्यात शोधत होते.

ख्रिसमस कसा करता?

ख्रिसमसआधीचे चार रविवार, चार मेणबत्त्या, हिरव्या फांद्यांच्या जागी आंब्याची पानं. डिसेंबरात प्लेट्सशन, म्हणजे छोटी बिस्किटं, करून शेजारी डबे पाठवायचे. यात समजावण्यासारखं काही नाही, हा फराळच आहे. व्हॅनिलकिप्फल दिल्यावर खालच्या वहिनींनी विचारलं, "नानकटाई वाकडी का केलीत?" बदाम सालासकट दळा आणि लोणी थंड ठेवा, नाहीतर चंद्रकोर ओव्हनमध्ये बसकण मारते.

तिकडचा शांत रविवार इथे आणता येईल का?

नाही. केअरवोखही नाही. श्वाबियात जिना झाडायची पाळी आली की दाराला पाटी अडकवून ठेवतात. मी हौसेने सोसायटीच्या सभेत तशी पाटी सुचवली. अध्यक्षांनी विचारलं, "पाटी ठीक आहे, झाडणार कोण?" पण दुपारची शांतता मात्र जपणारं शहर म्हणाल तर जर्मनीनंतर पुणंच.

तुमच्याकडचं ते पिठाचं विरजण थोडं मिळेल का?

मिळेल. स्वच्छ काचेची बरणी आणा, निम्मी रिकामी राहील इतकी मोठी, आणि झाकण घट्ट लावू नका. एकाचं पौड रोडच्या सिग्नलला स्कूटरच्या डिकीत फुटलं. घरी नेल्यावर त्याच दिवशी पीठ-पाणी घाला. दुपारी एक ते चार येऊ नये.